दुपारी दोनला सुटणारी नावं

अमेरिकेत, मिशिगनमधल्या आमच्या नोव्हाय गावात मराठी बाळाचं नाव सगळ्यात आधी कोणाला कळायचं, तर नाववाल्या काकांना. आजी-आजोबांच्या आधी, आत्याच्या आधी, कधीकधी तर बाळाच्या बापाच्याही आधी. बाप बिचारा दोन नावांत घोळत असायचा आणि आईने परस्पर फोन करून काकांना पक्कं नाव कळवून टाकलेलं असायचं. काका ते पोटात ठेवत. बारशाच्या दिवशी पाहुण्यांच्या घोळक्यात उभे राहून, नाव पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा करत आणि मग जॅकेटच्या आतल्या खिशातून एक पाकीट काढून बाळाच्या उशाशी ठेवत. पाकिटात नोट नसे. एक कागद असे, त्यावर बाळाचं नाव आणि आडनाव इंग्रजी अक्षरांत सलग लिहिलेलं आणि पुढे डॉट कॉम. इंटरनेटवरचा तो पत्ता काकांनी बाळासाठी नोंदवून ठेवलेला असे.

"काका, ज्याला अजून मान धरता येत नाही त्याला वेबसाइट कशाला?" असं प्रत्येक बारशात कोणी ना कोणी विचारायचंच. काका म्हणत, "आत्ता कुठे लागतेय? वीस वर्षांनी लागेल. तेव्हा स्वतःच्या घरावर दुसऱ्याची पाटी दिसायला नको." मोटारींचे हेडलाइट बनवणाऱ्या एका कंपनीत त्यांची सगळी नोकरी झाली होती. निवृत्त झाल्यावर लोक गोल्फ खेळतात, मागच्या अंगणात टोमॅटो लावतात. यांनी नावं धरली. त्यांचं स्वतःचं पूर्ण नाव मात्र आमच्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक होतं. मलाही ते फार उशिरा कळलं.

नावांच्या बाबतीत त्यांचा एक नियम होता आणि तो ते सोवळ्यासारखा पाळत. हातात क्रेडिट कार्ड असल्याशिवाय कुठल्याही साइटवर ‘हे नाव शिल्लक आहे का’ असं विचारायचंच नाही. "विचारलंस की त्यांना कळलं," ते मला म्हणायचे. "आज विचारलंस, उद्या बघू म्हणून झोपलीस, परवा ते दुसऱ्याच्या खिशात. आधी नोंद, मग नाव बाहेर." मी सॉफ्टवेअर टेस्टर. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरणारी बाई. मी हसायचे. "काका, तिकडे कोणी कान लावून बसलेलं नसतं हो. उगीच वहम आहे तुमचा." त्यावर ते चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "तू टेस्टर ना? मग नसतं असं सिद्ध करून दाखव." ते मला कधीच दाखवता आलं नाही, आणि काकांच्या त्या वहमाची मी चारचौघांत भरपूर टिंगल केली. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात मला तोंड लपवायला जागा राहिली नाही.

नवी नावं मिळवणं हा त्यांच्या दृष्टीने पोरखेळ होता. खरी गंमत मुदत संपलेल्या नावांत. कोणीतरी हौसेने पत्ता घेतो, दोन वर्षं मिरवतो आणि मग नूतनीकरण करायला विसरतो. "मुदत संपली म्हणजे नाव मेलं असं नाही," काका समजावून सांगत. आधी महिना-सव्वा महिना मालकाला निमूटपणे परत येता येतं. मग तीस दिवस असे, की दंड भरून सोडवून नेता येतं. आणि मग शेवटचे पाच दिवस. त्या पाच दिवसांत नाव कोणाचंच नसतं, मालकालाही शिवता येत नाही. काका त्याला सुतक म्हणायचे. सुतक फिटलं की एका दुपारी दोनच्या सुमारास नाव सुटतं आणि जो पहिला हात घालेल त्याचं होतं.

या सगळ्या तारखा ते स्वयंपाकघरातल्या मराठी कॅलेंडरवर पेन्सिलने टिपून ठेवत. एकादशीच्या खाली कोणाचं तरी नाव सुटणार, अमावास्येच्या शेजारी कोणाचं तरी सुतक लागणार. काकू वैतागायच्या. "माझ्या संकष्टीला तरी जागा ठेवा हो. मला वाटलं आज उपास आहे, दुपारपर्यंत पोटात काही नाही, आणि बघते तर यांचं कुठलं तरी डॉट कॉम." दुपारी दोन ते तीन काका कोणाला मिळत नसत. आमच्याकडच्या सत्यनारायणाला पानं वाढून झाली आणि काका गायब. शोधत गेले तर ते गॅरेजमध्ये, वॉशिंग मशीनवर लॅपटॉप ठेवून उभे. "आम्ही पुण्याचे," ते ओशाळून म्हणाले, "दुपारी एक ते चार झोपणारे. आणि ही नावं नेमकी दोनला सुटतात. काय करणार?"

त्यांना हा नाद लागला तो एका फजितीतून. आमच्या मंडळाची वेबसाइट तेव्हा त्यांच्याकडे होती. मुदत संपत आल्याची पत्रं जुन्या सेक्रेटरीच्या बंद पडलेल्या ईमेलवर जात राहिली आणि ऐन गणपतीच्या आठवड्यात नाव सुटलं. आरतीच्या जेवणाची नोंदणी करायला गेलेल्या समस्त बायकांना पडद्यावर पत्ते, फासे आणि पहिल्या डावाला मोफत नाणी दिसली. लोक अजूनही तो किस्सा सांगून हसतात. काका नाही हसायचे. तीन वर्षं ते त्या जुगारवाल्याच्या मागावर राहिले. त्याने कंटाळून सोडलेलं नाव ज्या दुपारी सुटलं, त्या दुपारी दोन वाजून काही मिनिटांनी त्यांनी ते परत आणलं आणि काकूंनी शिरा केला. "नाव मोकळं पडलं की तिथे घाणच येऊन बसते," ते म्हणाले. "चांगलं माणूस रिकामी जागा शोधत फिरत नाही."

मी आणि सुहास, म्हणजे माझा नवरा, नागपूरहून इथे आलो तेव्हा पहिलं घरचं जेवण काकूंच्या टेबलावर जेवलो. तीन मिनिटांच्या अंतरावर आमचं अपार्टमेंट होतं. माझ्या आईची उणीव काकूंनी भरली आणि उरलेलं सगळं काकांनी: बर्फात गाडी कशी चालवायची, डॉक्टरांच्या ऑफिसातल्या फोनवरच्या बाईशी कसं बोलायचं, कोणत्या दुकानात शेपू मिळतो. त्यामुळे मला दिवस गेले तेव्हा काकांना नाव सांगायचं हे न बोलता ठरलेलंच होतं. बारसं झालं की नाव सगळ्यांच्या फोनवर जातं, म्हणून ते त्यांना आधी लागायचं. सातव्या महिन्यात मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून ते कागदाच्या तुकड्यावर लिहून दिलं. मुलगी होणार हे माहीत होतं. आईला सांगितलं नव्हतं, सासूबाईंना सांगितलं नव्हतं, जिने बाळाच्या कानात ते पहिल्यांदा सांगायचं त्या माझ्या नणंदेलाही नाही.

काकांनी कागद वाचला, मोठ्याने वाचला नाही. पाकिटातून कार्ड काढलं, मगच लॅपटॉप उघडला. नाव गेलेलं होतं. आमच्या लेकीच्या नावाची आणि आडनावाची कोणी एक पुण्यात होती, तिने आपल्या नृत्यवर्गासाठी ते घेतलं होतं. माझा चेहरा उतरला, पण काकांचे डोळे चमकले. तिची मुदत नुकतीच संपली होती. ते उठून कॅलेंडरपाशी गेले आणि बोटांवर मोजू लागले. सव्वा महिना, मग तीस, मग पाच. डॉक्टरांनी मला दिलेली तारीख त्यांनी विचारली, त्यात बारा दिवस मिळवले आणि पुन्हा मोजलं. "अगं, बारशाच्या आदल्या दिवशी सुटतंय," ते म्हणाले. "बाळ आणि नाव एकदमच घरी येणार तुझ्या." कॅलेंडरवर ते नेहमी फक्त अक्षरं लिहीत. त्या चौकोनात त्यांनी पेन्सिलने एक छोटा पाळणा काढला. हेडलाइटचे नकाशे काढण्यात जन्म गेलेला माणूस, पाळणा अगदी मापात आला होता.

अडतिसाव्या आठवड्यात एका सकाळी ती हलेना. मी गार पाणी प्यायले, डाव्या कुशीवर झोपले, मोजत राहिले. हॉस्पिटलमध्ये त्यांनी पोटावरून यंत्र फिरवलं, मग दुसऱ्या डॉक्टरला बोलावलं, आणि ते दोघं बोलायच्या आधीच मला कळलं. दुसऱ्या दिवशी ती जन्मली. तिचे केस काळेभोर आणि ओले होते. नाक सुहासचं होतं. नर्सने तिला दुपट्यात गुंडाळून माझ्याजवळ दिलं आणि बराच वेळ आम्हाला कोणी काही विचारलं नाही.

मग एक बाई फॉर्म घेऊन आली. फार हळू आवाजात तिने विचारलं, तुम्हाला नाव लिहायचं आहे का. सुहासने माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली. बारसं झालं नव्हतं. पाळण्यात घातलं नव्हतं, कानात कोणी काही सांगितलं नव्हतं. बारशाच्या आधी नाव कागदावर कसं घालायचं, एवढंच माझ्या डोक्यात आलं. त्या वेळी ते मला अगदी बरोबर वाटलं. त्या बाईने फॉर्मवर ‘बेबी गर्ल’ लिहिलं आणि पुढे आमचं आडनाव. माझ्या लेकीच्या नावावर जगात एवढाच कागद आहे, आणि त्यावर तिचं नाव नाही.

आई नागपूरहून फोनवर रडत होती. रडता रडता तिने विचारलं, "नाव आधी कोणाकडे बाहेर गेलं होतं का गं?" विचारून झाल्यावर तिला स्वतःलाच कसंतरी झालं असावं, कारण लगेच म्हणाली, "जाऊ दे, मी आपलं काहीतरीच." पण ते वाक्य माझ्यात शिरलं ते शिरलंच. डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं, नाळेचं काहीतरी, कोणाच्या हातात नसलेलं. ते मी ऐकलं, समजून घेतलं आणि बाजूला ठेवलं. मला कारण नको होतं. मला माणूस हवा होता.

आठव्या दिवशी काका-काकू डबा घेऊन आले. मऊ भात, मुगाचं वरण, वर तूप. काकू माझ्या केसांना तेल लावत बसल्या. काका दाराजवळच्या खुर्चीवर जॅकेट न काढता बसले होते. ते काहीच बोलले नव्हते, आणि तरीही मी त्यांच्याकडे पाहून म्हणाले, "तुम्हाला नाव सांगायला नको होतं."

काकूंचा हात माझ्या डोक्यावर तसाच थांबला. सुहास म्हणाला, "अगं, काय बोलतेस?" काकांनी मात्र हात वर करून त्याला थांबवलं. "बरोबर बोलतेय ती," ते म्हणाले. "मी आधी विचारायला नको होतं. चुकलं माझं." मग त्यांनी खाली वाकून डब्याची रिकामी पिशवी उचलली, तिची नीट चौकोनी घडी घातली आणि खिशात ठेवली. मला अजून ती घडी दिसते. या माणसाला वहमी म्हणून मी हसले होते, आणि त्याच्यावर माझा वहम मी असा फेकला. तो त्याने खाली पडू दिला नाही, झेलून घेतला.

त्यानंतर त्यांनी आमच्याकडे यायचं सोडलं. काकू यायच्या. म्हणायच्या, "यांना जरा बरं नाही." मी ‘काकांना सांगा’ असं काहीतरी म्हणायला तोंड उघडायचे आणि विषय दुसरीकडे न्यायचे. एक दिवस जाऊ, बोलू, असं म्हणता म्हणता महिने गेले, मग वर्ष गेलं. एवढा उशीर झाल्यावर काय बोलायचं, हेही एक कारण सापडलं.

मग कोणाच्या तरी डोहाळजेवणात मी ऐकलं, की नाववाले काका आता बाळ व्हायच्या आधी नाव विचारत नाहीत. कोणी आपणहून सांगायला लागलं तरी कानावर हात ठेवतात. म्हणतात, बारसं होऊ दे, कानात पडू दे, मग मला सांगा. त्यामुळे नावं हातची जाऊ लागली होती. एका मुलीचं नाव बारशाच्या संध्याकाळीच कोणीतरी उचललं आणि काकांनी तिच्या आईची माफी मागितली. "म्हातारे झाले काका, पूर्वीसारखं जमत नाही," सगळ्या म्हणाल्या. कारण माहीत असलेली त्या खोलीत मी एकटीच होते. मी ताटातली पुरणपोळी संपवली.

दोन वर्षांनी आम्हाला मुलगा झाला, ईशान. त्याचं बारसं आम्ही घरच्या घरी केलं. सुहास म्हणाला, "काकांना बोलावू या." मी म्हटलं, "थोडक्यातच करतोय ना, नको." ईशान चार वर्षांचा असताना काका मला इंडियन ग्रोसरीत भेटले. हातात मेथीची जुडी होती, जॅकेट तेच. बारीक झाले होते. त्यांनी वाकून ईशानला विचारलं, "काय रे, नाव काय तुझं?" तो म्हणाला, "आय ॲम ईशान. आय ॲम फोर." काका हसले. "छान नाव आहे. कोणी ठेवलं?" मग माझ्याकडे पाहून, "बरी आहेस ना गं?" मी हो म्हटलं. माफी मागायला मला तिथे मेथी आणि कोथिंबिरीच्या मधलं पाच फुटांचं अंतर ओलांडायचं होतं. मी ईशानचं नाक पुसत उभी राहिले आणि काका पैसे द्यायच्या रांगेकडे गेले.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. हृदयच थांबलं, अंथरुणावर पडणं नाही, कोणाला त्रास नाही. त्यांना शेवटचं पाहायला आम्ही गेलो तेव्हा दाराशी एका फलकावर त्यांचं पूर्ण नाव लिहिलं होतं. आमच्यातले निम्मे लोक तिथे घुटमळले, आपण बरोबर ठिकाणी आलो ना म्हणून. मीही घुटमळले. मग आत गेले. आतला माणूस काकाच होते, आणि आता माझं सगळं बोलणं तयार होतं.

त्यांची मुलगी नेहा इथेच जन्मली, वाढली, आता ओहायोत डब्लिनला असते. काकूंना ती आपल्याकडे घेऊन जाणार होती. घर आवरताना तिने मला फोन केला. "डॅडची ही नावं आहेत. साठ-सत्तर तरी असतील. आई म्हणाली, तू टेक्निकल आहेस, तुला कळेल." मी एका शनिवारी सकाळी गेले. त्याच टेबलापाशी बसलो. काकांची वही समोर होती. प्रत्येक पानावर एक नाव, आई-वडिलांचे फोन आणि खाली त्यांच्या नेटक्या अक्षरात एकच सूचना: दर वर्षी आई-वडिलांना विचारून नूतनीकरण करणे. आम्ही एकेकाला ईमेल करू लागलो: नाववाल्या काकांनी तुमच्या मुलाचं नाव सांभाळलं होतं, आता ते तुमच्या ताब्यात देतो आहोत. काही उत्तरं तिथल्या तिथे आली. एका मुलाने, तो आता कॉलेजात आहे, फक्त एवढंच लिहिलं: ही डिड धिस एव्हरी इयर?

दुपारी नेहा म्हणाली, "धिस वन इज वीअर्ड. या नावाला फॅमिलीच नाहीये. आणि हे एक्स्पायर झालंय. कार्ड बंद केलं ना आपण, म्हणून असेल. दंडवाले तीस दिवस चालू आहेत, त्यातले चार उरलेत. सोडून देऊ का?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. अक्षरं सलग होती, त्यामुळे क्षणभर ती नुसतीच अक्षरं दिसली.

वही मी माझ्याकडे ओढली. त्या पानावर आमचे फोन नव्हते. पेन्सिलने लिहिलं होतं: विचारू नये. आपणच करणे. खाली नोंदीची तारीख होती. जो दिवस कॅलेंडरवर पाळण्याचा होता, तोच. म्हणजे मी त्यांना ते वाक्य ऐकवल्यानंतरचा. माझं बोलणं खिशात घालून घरी गेलेला तो माणूस, त्यानंतर एका दुपारी दोन वाजता लॅपटॉप उघडून बसला होता.

"दहा वर्षांचं एकदम केलं त्यांनी," काकू ओट्यापाशी उभ्या होत्या, त्या म्हणाल्या. त्यांना मला काय सापडलंय ते कळलं होतं. "बाकी सगळी एकेक वर्षाची. ते म्हणायचे ना, नाव विकत मिळत नाही, वर्षाच्या बोलीवर मिळतं. हे तेवढं दहा. मी म्हटलं, अहो, कशाला आता? त्या पोरीला कळलं तर काय वाटेल? तर म्हणाले, आपण सोडलं तर दुसरा घेईल. तिथे कोणी जुगार मांडला आणि कधी हिने चुकून ते नाव लिहून पाहिलं, तर?" काकूंनी पदराने डोळे पुसले. "दहाच्या वर देत नाहीत म्हणे, म्हणून दहा. तिथे काही लावलंही नाही. नुसतं पांढरं पान. जाहिरातसुद्धा येऊ दिली नाही त्यावर."

मी तिथे टेबलावर डोकं टेकून रडले. दहा वर्षं जे धरून ठेवलं होतं ते सगळं गेलं. माझी समजूत होती, तिचं नाव कुठेच नाही. मी ते लिहिलं नव्हतं, उच्चारलं नव्हतं. सुहास आणि मी एकमेकांतही तिला ‘ती’ म्हणतो. आणि इतकी वर्षं ते नाव एका ठिकाणी लख्ख लिहिलेलं होतं, आणि ते राखायला तो माणूस बसला होता ज्याला मी म्हटलं होतं, तुम्हाला सांगायला नको होतं. काका, चुकलं तुमचं नव्हतं. माझं होतं. हे वाक्य पाच फुटांवरून म्हणता आलं असतं, ते मी आता रिकाम्या खुर्चीला म्हणाले. काकू ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "त्यांना राग नव्हता गं कधीच." याने बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

नेहा गोंधळून आमच्या दोघींकडे पाहत होती. तिला सगळं कळलं नव्हतं, पण पुरेसं कळलं होतं. तिने खुर्ची जवळ ओढली आणि स्क्रीनवर बोट ठेवून हळूच विचारलं, "हाउ डू यू से इट? नीट सांग ना."

मी सांगितलं. पहिल्यांदा अर्धवटच उमटलं, म्हणून पुन्हा सांगितलं. नेहाने म्हणून पाहिलं, पहिलंच अक्षर तिला जमेना. दोनदा अडखळली, तिसऱ्यांदा नीट म्हणाली. ओट्यापाशी काकूंनी हात जोडले. आत्या नव्हती, पाळणा नव्हता, आणि दहा वर्षं उशीर झाला होता.

मी पर्समधून कार्ड काढलं आणि मगच पुढचं बटण दाबलं. दंड भरून नाव सोडवलं, माझ्या ताब्यात घेतलं. किती वर्षं, असं त्या चौकटीत विचारलं होतं. दहाचा पर्याय होता. मी एक निवडलं. दर वर्षी मला ते स्वतः करायचं आहे. निघताना काकूंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्या हातात दिलं. ते आता आमच्या स्वयंपाकघरात आहे. पुढच्या वर्षीचं आलं की त्यावर ती तारीख पेन्सिलने लिहायची आहे.

काकांचा नियम मी पाळला आहे. आधी नोंद, मग नाव बाहेर. नोंद झाली आहे. माझ्या मुलीचं नाव मृण्मयी.